व्होल्टेज वाढवलं की फ्लेवर वाढतो? नाही!

लॅमिंग्टन रोडवर मी रिपेअरिंगला बसतो. कॉलेजची पोरं हमखास विचारतात, “काका, ई-सिगारेटचं व्होल्टेज वाढवलं की फ्लेवर जास्त येतो ना?” वर्षानुवर्षं फिरणारा हा समज चुकीचा आहे.

चव ठरते ती कॉइल, म्हणजे द्रव तापवणारी तार, किती तापते यावर, आणि ते एकटं व्होल्टेज ठरवत नाही. व्होल्टेजचा वर्ग भागिले कॉइलचा रोध, म्हणजे वॅट; दर सेकंदाला किती उष्णता निघते ते हा आकडा सांगतो. १.८ ओहमच्या कॉइलला ३.७ व्होल्ट दिले तर साधारण ७.६ वॅट, ४.८ दिले तर थेट १२.८. व्होल्टेज वाढलं ३० टक्के, उष्णता मात्र ६८ टक्के! तेवढ्या वेगाने कॉइलमधल्या कापसातून फ्लेवरचा द्रव वर चढत नाही, मग कापूस कोरडा पडून करपतो. एकाने टाकून दिलेली कॉइल मी उघडून पाहिली होती. मधोमध कापूस काळाकुट्ट, तारेवर जळक्या पाकासारखी पुटं. ‘कडक फ्लेवर’ म्हणतात तो हाच करपट ठसका.

नुकसान चवीपुरतंही नाही. द्रवातलं प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन अति तापलं की त्यातून फॉर्मल्डिहाइड आणि ॲक्रोलिन तयार होतं. व्होल्टेज कमी ठेवलं म्हणजे निर्धोक, असंही समजू नका; बहुतेक द्रवांत निकोटिन असतंच.

२०१९च्या कायद्याने देशभर ई-सिगारेटची विक्री आणि साठवणूक बंद आहे. कुणी दुरुस्तीला आणली तर मी हात लावत नाही. हे गणित तेवढं कागदावर मांडून दाखवतो.