एन्फुव्हिर्टाइड

एन्फुव्हिर्टाइड : एचआयव्ही–1 ला पेशीत शिरू न देणारे, रुग्णाने स्वतः त्वचेखाली टोचून घ्यायचे औषध. संशोधनकाळातील नाव टी–20, व्यापारी नाव फ्यूझिऑन. मूळ संशोधन अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे. पुढील विकास ट्रायमेरिस व रॉश या कंपन्यांचा. अमेरिकेत मान्यता मार्च 2003 मध्ये मिळाली. एचआयव्ही–2 या विषाणूच्या दुसऱ्या प्रकारावर ते चालत नाही.

विषाणूच्या जीपी41 प्रथिनाचे दोन पट्टे एकमेकांवर दुमडले की विषाणूचे व पेशीचे पटल जुळते. एन्फुव्हिर्टाइड ही 36 अमिनो अम्लांची साखळी (पेप्टाइड) त्यांतील एका पट्ट्याची नक्कल असून ती दुसऱ्याला चिकटते व दुमड अडवते. पेप्टाइड पोटात पचून जाते, त्यामुळे सुई अटळ ठरते.

प्रौढ मात्रा 90 मिग्रॅ., दिवसातून दोनदा. कुपीतील 108 मिग्रॅ. भुकटीवर 1.1 मिलि. निर्जंतुक पाणी कडेने हळूहळू सोडतात आणि कुपी तळहातांत अलगद फिरवतात. जोरात हलवल्यास फेस होतो आणि भुकटी विरघळायला आणखी वेळ लागतो. एरवीही 45 मिनिटांपर्यंत थांबावे लागते. सकाळीच दोन्ही कुप्या कालवून संध्याकाळची फ्रीजमध्ये (2–8 अंश से.) ठेवता येते, मात्र 24 तासांत ती वापरलीच पाहिजे. कण किंवा गढूळपणा दिसल्यास टाकून द्यावी. 1 मिलि. द्रावण दंड, मांडीचा पुढचा भाग किंवा पोट येथे जागा बदलत टोचतात. बेंबी, व्रण व आधीची गाठ टाळतात.

खरी अडचण गाठींची. टोरो–1 व टोरो–2 या औषधाच्या रुग्णांवरील चाचण्यांत सुमारे 98 टक्के रुग्णांना टोचल्या जागी लाली, वेदना, खाज किंवा कडक गाठ आली. कारणाबद्दल एकमत नाही. काहींच्या मते ही स्थानिक अतिसंवेदनशीलता आहे. ऊतींच्या तपासणीत इओसिनोफिल (ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या) पेशी आढळतात हा त्यांचा आधार. इतर अभ्यासक कोलॅजन तंतूंभोवतीच्या कणार्बुदसदृश (पेशींचे गाठीसारखे पुंजके बनवणाऱ्या) दाहावर भर देतात. महिनोन्‌महिने टिकणाऱ्या गाठींचा उलगडा दुसऱ्या मताने अधिक होतो. सुईविरहित उपकरणाने प्रश्न सुटेल अशी अपेक्षा होती. पण मज्जातंतूजवळ वापरल्यास वेदना व मुंग्या येऊन त्या सहा महिन्यांपर्यंत राहिल्याच्या नोंदी झाल्या.

याच चाचण्यांत इतर औषधे निकामी ठरलेल्यांचा विषाणूभार (रक्तातील विषाणूचे प्रमाण) या औषधाची जोड दिल्यावर 24 आठवड्यांत 1.7 (टोरो–1) व 1.4 लॉगने (टोरो–2) घटला; 1 लॉग म्हणजे दहापट घट. हे औषध न दिलेल्या तुलनागटांत ही घट 0.8 व 0.6 लॉग होती. जिवाणुजन्य न्यूमोनिया मात्र औषधगटात अधिक दिसला. सोबत दुसरे परिणामकारक औषध नसेल तर जीपी41 मधील 36 ते 45 या स्थानांवर उत्परिवर्तने होऊन प्रतिरोध लवकर येतो.

गाठींमुळे 4 टक्के व टोचण्याच्या त्रासामुळे 3 टक्के रुग्णांनी उपचार सोडला. एवढ्यावरून समाधान मोजणे धाडसाचे ठरेल : तुलनागटाला खोटी सुई दिली नव्हती, शिवाय पर्याय संपलेला रुग्ण बरेच सोसतो. रॅल्टेग्राव्हिर या एचआयव्हीविरोधी औषधाची गोळी आल्यावर चित्र स्पष्ट झाले. फ्रान्समधील ईझिअर चाचणीत (2009) विषाणू आटोक्यात असलेल्यांना सुईऐवजी ही गोळी दिली, तरी नियंत्रण टिकले. त्यानंतर सुईचा वापर झपाट्याने ओसरला.

2022 मध्ये मान्य झालेले लेनाकापाव्हिर हे एचआयव्हीविरोधी औषधही त्वचेखालीच देतात, पण सहा महिन्यांतून एकदा आणि आरोग्यसेवकाच्या हातून. गाठी त्यानेही येतात.