रात्रभर चालू ठेवलेल्या लिनक्स मशीनचं घड्याळ सकाळी मागं का दिसतं?

आमच्या सर्व ग्राहकांसाठी – सांगली, मिरज, तासगाव

हळदीच्या अडत दुकानांत, वजनकाट्यांवर आणि बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये आम्ही बसवलेली लिनक्स मशीन आहेत. त्यांच्याबद्दल एक तक्रार सारखी येते: "दिवसभर वेळ बरोबर असते, रात्री नुसतं चालू ठेवलं की सकाळी घड्याळ मागं." बरेच जण हाताने वेळ लावून कामाला लागतात. कृपया तसं करू नका. वेळ लावली की चूक किती होती तेच पुसलं जातं आणि कारण शोधायला आमच्या हाती काही उरत नाही.

मशीनमध्ये तारीख-वेळ ठेवणारी घड्याळं दोन असतात. एक मदरबोर्डवरचं, मशीन बंद असताना ते सीआर २०३२ या गोल सेलवर चालतं. दुसरं लिनक्सचं स्वतःचं. मशीन सुरू होताना ते पहिल्याकडून वेळ घेतं आणि पुढची मोजणी आपली आपण करतं.

कुठलं चुकतंय ते दोन रात्रींत कळतं. अर्धा तास इंटरनेट चालू ठेवा, म्हणजे दोन्ही घड्याळं जुळतील. मग केबल काढा. पहिल्या रात्री मशीन पूर्ण बंद करा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच जुळवून, केबल काढून, रात्रभर नुसतं चालू ठेवा. दोन्ही वेळा रात्री आणि सकाळी मोबाईलशी ताडून फरक सेकंदांत कागदावर लिहा.

दिवसाला एक-दोन सेकंदांचा फरक हा दोष नाही. घड्याळातला क्वार्ट्झ सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. त्यात दहा लाखांत २० इतकी चूक असली, तरी दिवसाला पावणेदोन सेकंद होतात. बंद ठेवल्यावर तारीखच जुनी दिसली तर सेल संपलाय, तो बदला. फरक नेमका साडेपाच तासांचा असेल तर त्याच मशीनवर विंडोजही आहे का ते सांगा; एक प्रणाली भारतीय वेळ धरते, दुसरी जागतिक, एवढंच ते असतं.

पण चालू ठेवलेल्या रात्रीत काही मिनिटं गेली असतील, तर दोष बहुधा मोजणीत आहे. लिनक्स वेळ मोजायला प्रोसेसरमधला टीएससी नावाचा काउंटर वापरतं. काम नसलं की प्रोसेसर वीज वाचवायला गाढ झोपेत जातो, आणि जुन्या प्रोसेसरमध्ये त्या झोपेत हा काउंटरही थांबतो. म्हणूनच गिऱ्हाइकांच्या गर्दीत घड्याळ बरोबर चालतं आणि निवांत वेळी चुकतं. नव्या प्रोसेसरमध्ये तो थांबत नाही. प्रोसेसरच्या माहितीत 'नॉनस्टॉप टीएससी' अशी नोंद असते. लिनक्स स्वतःही हा काउंटर मशीनमधल्या मोजणीच्या वेगळ्या साधनाशी ताडून पाहतं आणि भरवसा नसेल तर सोडून देतं, पण दर वेळी ते साधतंच असं नाही. अशा मशीनवर आम्ही टीएससीऐवजी एचपीईटी हे मोजणीचं वेगळं साधन लावून देतो. ते वाचायला किंचित जास्त वेळ लागतो, पण बिलिंगमध्ये तो जाणवत नाही. गाढ झोप बंद करण्याचाही उपाय आहे, पण त्याने वीज जास्त जाते आणि यूपीएस लवकर उतरतो, म्हणून तो आम्ही शेवटी करतो.

इंटरनेटवरून वेळ जुळते का, तेही पाहा. टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएल ही कमांड द्या (स्पेलिंग मशीनवरच्या आमच्या स्टिकरवर आहे). 'सिंक्रोनाइज्ड' समोर 'नो' आलं तर इंटरनेटवरून वेळ ज्या वाटेने येते तो यूडीपीचा १२३ नंबरचा पोर्ट राउटरमध्ये अडवलेला असू शकतो. गोदामात नेट ये-जा करत असेल तिथे आम्ही क्रोनी हे वेळ जुळवणारं सॉफ्टवेअर बसवतो. ते घड्याळाची रोजची चूक शिकून घेतं आणि नेट नसतानाही तेवढी भरून काढतं. काउंटर मात्र थांबत असेल तर आधी तो दोष काढावा लागतो, कारण चूक रोज वेगळी असली की क्रोनीलाही ती शिकता येत नाही.

पुढे गेलेलं घड्याळ मागं घ्यायचं असेल तर सौदे संपल्यावर, बिलं बंद करूनच घ्या. नाहीतर नंतरच्या बिलावर आधीची वेळ छापली जाते. फोन करताना सेकंदांचा कागद जवळ ठेवा.