बॅसमन ते ५१५०: हाय-गेन अ‍ॅम्पचे नॉब आणि त्यांच्या जागा

जुन्या हाय-गेन अ‍ॅम्पची, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाडणाऱ्या अ‍ॅम्पची, तुलना निघाली की गाडी हमखास आकड्यांवर येते. गेन (सिग्नल किती वाढवायचा) कितीवर, मिड (मधल्या पट्टीचा आवाज) कितीवर, प्रेझेन्स (वरच्या पट्टीची धार) किती ठेवायचा. कुणीतरी आपल्या मार्शल कंपनीच्या अ‍ॅम्पवरचे आकडे सांगतो, दुसरा ते मेसा बूगी कंपनीच्या अ‍ॅम्पवर जसेच्या तसे लावतो आणि स्पीकरमधून गढूळ, ढब्ब आवाज येतो. मग अ‍ॅम्प खराब ठरतो नाहीतर कान. खरं तर दोन्ही ठीक असतात. ‘बास’ लिहिलेला नॉब दोन्हीकडे आहे, पण सर्किटमधली त्याची जागा वेगळी आहे. आवाज फाटण्याआधी (म्हणजे डिस्टॉर्शनच्या आधी) बास कमी करणं आणि फाटल्यानंतर कमी करणं ही दोन निराळी कामं आहेत. नॉब तिथे का गेला हे कळायचं तर १९५०च्या दशकाच्या शेवटापासून १९९२पर्यंतचा प्रवास पाहावा लागतो.

सुरुवातीला आवाज फाटणं हा दोषच होता. फेंडरचा बॅसमन तर नावाप्रमाणे बास गिटारसाठी बनवलेला. पण त्याची १९५०च्या दशकाच्या अखेरची ५एफ६-ए ही आवृत्ती गिटारवाल्यांनीच उचलली. दहा इंची चार स्पीकर, मागून उघडं कॅबिनेट आणि ट्रेबल, मिडल, बास असे तीन नॉब. या तीन नॉबमागचं जाळं रेझिस्टर-कपॅसिटरचं, म्हणजे पॅसिव्ह. ते आवाजात भर घालत नाही, फक्त काढून घेतं, आणि एक नॉब फिरवला की बाकीच्या दोघांचं वागणंही बदलतं. पुढची कित्येक वर्षं बऱ्याच रॉक अ‍ॅम्पमध्ये हेच जाळं, थोडेफार आकडे बदलून, येत राहिलं.

लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल यांचं वाद्यांचं दुकान होतं. ते मूळचे ड्रमवादक आणि ड्रम शिकवणारे. गिटारवाल्या गिऱ्हाइकांना हवा तसा अ‍ॅम्प इंग्लंडमध्ये मिळत नव्हता आणि अमेरिकेतून आणलेला परवडत नव्हता. मग १९६२च्या सुमारास केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांना हाताशी धरून त्यांनी बॅसमनचं सर्किट समोर ठेवून जेटीएम४५ बनवला. नक्कल म्हणावी तर नक्कलच. पण फरक छोटे दिसले तरी कानाला मोठे होते. बॅसमनच्या पहिल्या जागी १२एवाय७ ही कमी गेनची ट्यूब (सिग्नल वाढवणारी काचेची नळी) होती, मार्शलने तिथे ईसीसी८३ बसवली. तिचा अ‍ॅम्प्लिफिकेशन फॅक्टर १००, १२एवाय७चा जेमतेम ४४. स्पीकरला ताकद पुरवणाऱ्या पॉवर ट्यूबच्या जागी लवकरच केटी६६ आल्या. उघड्या कॅबिनेटऐवजी मागून बंद पेटी आली, तिच्यात सेलेस्टियन कंपनीचे बारा इंची चार स्पीकर. अ‍ॅम्प लवकर फाटू लागला आणि फाटताना खालचा आवाज घट्ट राहू लागला.

पुढचा टप्पा निव्वळ मोठ्या आवाजाच्या हव्यासाचा. ‘द हू’ बँडचा गिटारवादक पीट टाउनशेंड आणखी ताकद मागत होता, त्यातून १०० वॉटचे मार्शल निघाले. त्यातला सुपर लीड म्हणजे मॉडेल १९५९. हा आकडा साल नव्हे, कॅटलॉगमधला क्रमांक आहे. ५० वॉटच्या भावंडाचा क्रमांक १९८७, आणि तोही साठच्याच दशकातला. ‘माझ्याकडे १९८७ मार्शल आहे’ हे ऐकून तो ऐंशीच्या दशकातला समजणारे अजून भेटतात. पॉवर ट्यूब एव्हाना ईएल३४ झाल्या होत्या. पुढची पट्टी १९६९च्या मध्यापर्यंत प्लेक्सिग्लासची होती, म्हणून त्या सगळ्यांचं नाव ‘प्लेक्सी’ पडलं. १०० वॉटचा अ‍ॅम्प ५० वॉटच्या दुप्पट मोठा वाजतो हाही असाच एक समज. प्रत्यक्षात फरक ३ डेसिबलचा. जास्त वॉट असले की अ‍ॅम्प उशिरा फाटतो आणि बास जास्त ताठ राहतो, पैसे त्याचे.

सुपर लीडवर मास्टर व्हॉल्यूम, म्हणजे शेवटी एकूण आवाज आवरणारा नॉब, नाही. प्रीअ‍ॅम्प (पॉवर ट्यूबच्या आधीचा भाग) थोडासा फाटतो, पण खरी फाटाफूट टोन नॉबच्या पुढे होते, म्हणजे फेज इन्व्हर्टर (पॉवर ट्यूबना सिग्नल वाटून देणारी पायरी), पॉवर ट्यूब आणि स्पीकर इथे. म्हणून बास पाचच्या वर नेला की पॉवर ट्यूब आधी बासनेच भरतात आणि आवाज ढिला पडतो. व्हॉल्यूम पूर्ण उघडून वाजवणारे बास दोन-तीनवर आणि मिड-ट्रेबल वर ठेवतात, त्याचं कारण हे.

सुपर लीडला ब्राइट आणि नॉर्मल असे दोन चॅनेल असतात. ब्राइट चॅनेलच्या व्हॉल्यूम नॉबवर एक छोटा कपॅसिटर असतो, बऱ्याच सुपर लीडमध्ये तो ५००० पिकोफॅरडचा. नॉब खाली असताना तो वरच्या पट्टीचा आवाज नॉबला वळसा घालून पुढे पाठवतो. नॉब तीनवर असेल तर अ‍ॅम्प कानात सुईसारखा घुसतो, आठवर नेला की कपॅसिटरला करायला काहीच उरत नाही आणि तोच अ‍ॅम्प भरदार वाटतो. घरी हळू लावून ‘प्लेक्सी फार चिरका’ असा निकाल देणाऱ्यांनी मुळात प्लेक्सी ऐकलेलाच नसतो. दोन्ही चॅनेल छोट्या केबलने जोडून नॉर्मलचा नॉब थोडा वर आणला की अंग भरतं. हा उपाय साठच्या दशकातला आहे आणि आजही त्याच्यापेक्षा बरा उपाय मला दिसत नाही.

अडचण एकच: असा अ‍ॅम्प छोट्या जागेत वाजवता येत नाही. १९७८च्या पहिल्या अल्बममध्ये गिटारवादक एडी व्हॅन हेलनने सुपर लीडचे नॉब पूर्ण उघडले आणि व्हेरिअ‍ॅक (व्होल्टेज कमी-जास्त करणारं यंत्र) लावून अमेरिकेतला ११०-१२० व्होल्टचा पुरवठा सुमारे ९० व्होल्टपर्यंत उतरवला. पॉवर ट्यूबची ताकद घटली, त्या लवकर फाटू लागल्या. ‘बॉस्टन’ बँडच्या टॉम शोल्झने अ‍ॅम्प आणि स्पीकरच्या मध्ये बसून ताकद शोषून घेणारा पॉवर सोक काढला. दोघांचा रोग एक, औषधं वेगळी.

तिसरं औषध मात्र कॅलिफोर्नियात आधीच तयार झालं होतं. मेसा बूगीचा जनक रँडल स्मिथ याने फेंडर प्रिन्स्टनच्या चिमुकल्या खोक्यात बॅसमनची ताकद आणि बारा इंची जेबीएल स्पीकर कोंबला. तो वाजवून गिटारवादक कार्लोस सांतानाने जे उद्गार काढले त्यातून ‘बूगी’ हे नाव आलं. पण मोठी गोष्ट घडली ती त्यानंतरच्या मार्क वन या अ‍ॅम्पमध्ये. प्रीअ‍ॅम्पमध्ये गेनची एक जास्तीची पायरी, आधी एक व्हॉल्यूम, पुढे दुसरा आणि शेवटी मास्टर. आता पॉवर ट्यूबना त्रास न देता प्रीअ‍ॅम्पमध्येच हवा तेवढा आवाज फाडता येऊ लागला. हाय-गेन म्हणतात तो प्रकार मुळात हाच.

स्मिथने टोनचे नॉब फेंडरच्या रीतीने पहिल्या ट्यूबनंतर लगेच ठेवले, म्हणजे सगळ्या फाटाफुटीच्या आधी. इथे बास वाढवला तर आवाजात बास वाढत नाही, फाटायला जाणाऱ्या सिग्नलमध्ये बास वाढतो, आणि पुढच्या पायऱ्या तो चघळून लगदा करतात. म्हणून मार्क मालिकेत बास एक-दोनवर, कधी चक्क शून्यावर, आणि ट्रेबल सात-आठवर. ट्रेबलचा नॉब इथे जवळजवळ दुसरा गेन नॉबच असतो. मग गेलेला बास परत कुठून आणायचा? शेवटी बसवलेल्या पाच पट्ट्यांच्या ग्राफिक इक्वलायझरमधून. ८०, २४०, ७५०, २२०० आणि ६६०० हर्ट्झ अशा त्या पट्ट्या. ८० वर, ७५० खाली, वरच्या दोन पुन्हा वर. ‘मेटॅलिका’च्या १९८६च्या अल्बमवरचा तो घट्ट, धारदार रिदम मार्क टू-सी प्लसचा. अशी इंग्रजी व्ही आकाराची मांडणी मेसावर चालते ती ७५० हर्ट्झ फाटल्यानंतर कापले जातात म्हणून. फाटण्याआधी ते भरपूर असतातच.

मार्शलचं उत्तर १९७५च्या सुमारास आलं: १०० वॉटचा २२०३ आणि पाठोपाठ ५० वॉटचा २२०४. प्लेक्सीमधले दोन चॅनेल एकापुढे एक जोडले आणि मास्टर व्हॉल्यूम दिला. १९८१मध्ये हेच सर्किट नव्या खोक्यात जेसीएम८०० म्हणून बाजारात आलं. हे नाव जिम मार्शल यांच्या गाडीच्या नंबर प्लेटवरून घेतलेलं. टोनचे नॉब प्रीअ‍ॅम्पच्या फाटाफुटीनंतरच राहिले, त्यामुळे जेसीएम८००वर बास सहावर ठेवला तरी काही बिघडत नाही. मेसावर हाच आकडा आत्मघात ठरतो.

मग आधीचा बास कोण कापतं? सर्किट स्वतःच कापतं, कपॅसिटरच्या आकड्यांतून. आणि दुसऱ्या पायरीवर आणखी एक गंमत आहे. ट्यूबच्या कॅथोडवर साधारण दीड ते पावणेतीन किलोओहमचा रेझिस्टर असतो, इथे १० किलोओहमचा आहे. त्याने ट्यूब मुद्दाम ‘थंड’ चालते आणि लाटेची एक बाजू दुसरीपेक्षा खूप आधी कापली जाते. जेसीएम८००चा तो खरबरीत, पिक लागल्याबरोबर खेकसणारा आवाज बऱ्याच अंशी या एका रेझिस्टरचा आहे.

तरीही आजच्या मानाने या अ‍ॅम्पचा गेन बेताचाच. ऐंशीच्या दशकातल्या मेटलवाल्यांनी गिटार आणि अ‍ॅम्पच्या मध्ये आयबानेझ ट्यूब स्क्रीमरसारखा पेडल लावला, ड्राइव्ह जवळजवळ शून्य आणि लेव्हल पूर्ण. तो पेडल सुमारे ७२० हर्ट्झच्या खालचा आवाज हळूहळू कमी करतो. आवाज फाडण्यासाठी नव्हे, फाटण्याआधी बास छाटण्यासाठीच तो लावलेला असतो. स्मिथने बासचा नॉब फाटाफुटीच्या आधी ठेवून जे साधलं तेच मार्शलवाल्यांनी पायाखालच्या डबीने साधलं.

१९८७मध्ये माइक सोल्डानोचा एसएलओ-१०० आला आणि दोन्ही परंपरा एकत्र झाल्या. मेसासारख्या जास्तीच्या पायऱ्या, पण टोनचे नॉब मार्शलच्या रीतीने शेवटी. थंड पायरीवरचा रेझिस्टर १० नव्हे, ३९ किलोओहमचा. पॉवर ट्यूब ६एल६ घराण्याच्या, त्यामुळे खालचा आवाज भक्कम आणि वरचा ईएल३४पेक्षा कमी कुरकुरीत. मग हा ३९ किलोओहम दुसऱ्यांच्या सर्किटमध्येही दिसू लागला. नव्वदीच्या सुरुवातीचा मेसाचा ड्युअल रेक्टिफायर घ्या किंवा १९९२चा पीव्ही ५१५०, दोघांच्या लीड चॅनेलमध्ये तो सापडतो. ५१५० पीव्हीचे इंजिनीअर जेम्स ब्राउन यांनी एडी व्हॅन हेलनबरोबर बसून बनवला. त्याआधी एडी एसएलओच वाजवत होता, तेव्हा या नातेसंबंधात फारसं गूढ नाही. एडी आणि पीव्ही वेगळे झाल्यावर २००४मध्ये त्याच अ‍ॅम्पचं नाव ६५०५ झालं.

एसएलओ, रेक्टिफायर आणि ५१५० या तिघांवर गेन पाच-सहाच्या पुढे नेऊन बहुतेक वेळा फक्त सुसाटा आणि आवाजाचा दबलेपणा वाढतो. टोनचे नॉब शेवटी असल्याने फाटण्याचा पोत त्यांनी बदलत नाही, पोत ठरवतात गेन आणि अ‍ॅम्पच्या आधी लावलेला पेडल. ५१५०वरचे प्रेझेन्स (वरच्या पट्टीसाठी) आणि रेझोनन्स (खालच्या पट्टीसाठी) तर टोनच्या जाळ्यात नाहीतच, ते पॉवर अ‍ॅम्पच्या फीडबॅकवर, म्हणजे आउटपुटमधून परत आत येणाऱ्या सिग्नलवर, काम करतात. म्हणून ते आधी मधोमध ठेवावेत, अ‍ॅम्प खऱ्या आवाजात आणावा आणि मगच हलवावेत.

तुलना करताना दोन गोष्टी सगळा निकाल फिरवतात. पहिली, आवाजाची पातळी. कमी आवाजात माणसाच्या कानाला बास कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३मध्येच मोजून दाखवलं. खोलीत मिड पाडून लावलेला सुंदर आवाज बँडमध्ये गायब होतो तो यामुळे, आणि दोन अ‍ॅम्पपैकी जो किंचित मोठा लावलाय तोच ‘चांगला’ ठरतो तोही यामुळे. दुसरी, कॅबिनेट. सेलेस्टियनचा २५ वॉटचा ग्रीनबॅक मऊ, लवकर दबणारा, व्हिंटेज ३०चा वरचा मिड ठसठशीत, जी१२टी-७५चा मिड बसका. जेसीएम८०० एकावर आणि रेक्टिफायर दुसऱ्यावर ऐकून अ‍ॅम्पबद्दल बोलणं म्हणजे स्पीकरबद्दलच बोलणं आहे. दोन्ही हेड (स्पीकर नसलेले अ‍ॅम्प) एकाच पेटीवर लावावेत. मात्र बदलताना आधी अ‍ॅम्प बंद, मगच केबल काढायची. स्पीकरशिवाय चालू ठेवलेला ट्यूब अ‍ॅम्प आउटपुट ट्रान्सफॉर्मर गमावून बसू शकतो.

शिवाय हे अ‍ॅम्प आता म्हातारे झाले आहेत. वीजपुरवठा सुरळीत ठेवणारे फिल्टर कपॅसिटर सुकले की बास लिबलिबीत होतो आणि मालक टोनचे नॉब पिळत बसतो. अमेरिकेत गेलेल्या कित्येक जेसीएम८००मध्ये ईएल३४ नव्हे, ६५५० ट्यूब होत्या. त्या उशिरा फाटतात, आवाज जास्त कोरडा. कुणीतरी पुढे त्या बदलल्या असतील तर बायस (ट्यूबमधून किती करंट जातो ते) जुळवला का, हे विचारायला हवं. साध्या पोटेन्शिओमीटरमध्ये २० टक्क्यांचा फरक कारखान्यातूनच चालवून घेतला जायचा, म्हणजे एकाच मॉडेलच्या दोन अ‍ॅम्पवरचं ‘पाच’ सारखं असेलच असं नाही. जुना अ‍ॅम्प हातात आला की मी आधी मागचं पॅनेल पाहतो: ट्यूब कुठल्या, कपॅसिटर कधी बदलले. आतल्या कपॅसिटरमध्ये अ‍ॅम्प बंद केल्यावरही चारशे-पाचशे व्होल्ट साठून राहू शकतात, त्यामुळे तिथलं काम जाणकाराकडे द्यावं. नॉबना हात त्यानंतर.