विदर्भाच्या ग्रामीण भागातील मोटारसायकल संस्कृती

विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांतील खेड्यांत मोटारसायकल ही शेतीचे साधन, घरचे वाहन आणि माणसाच्या प्रतिष्ठेची खूण अशी तिन्ही कामे करते. कोणती कंपनी, कोणते मॉडेल, किती सीसी (इंजिनाचे आकारमान) यावर पानठेल्यावर आणि कृषी केंद्राच्या ओट्यावर जी चर्चा रंगते, तिच्यामागे दोन कसोट्या असतात. गाडी दिसते-वाजते कशी ही एक, आणि गाडी कामाला येते किती ही दुसरी. शहरातल्या गाडीशौकिनांच्या लेखी परफॉर्मन्स म्हणजे पिकअप, टॉप स्पीड आणि अश्वशक्ती. वावरात जाणाऱ्याच्या लेखी तो ॲव्हरेज, ओझे, चिखल आणि गावातल्या मिस्त्रीला जमणारी दुरुस्ती यांवर ठरतो. म्हणून इथे उलटीच तऱ्हा दिसते. कंपन्या जे आकडे कामगिरी म्हणून विकतात ते गावात मिरवण्याच्या कामी येतात, आणि खरी कामगिरी करते ती कोणी वळूनही पाहत नाही अशी गाडी.

जुन्या गाड्या

साठ-सत्तरच्या दशकांत खेड्यात मोटारसायकल असणे हीच मोठी गोष्ट होती. जुन्या मालगुजार (जमीनदार) घराण्यांत, ठेकेदाराकडे किंवा डॉक्टरकडे रॉयल एनफिल्डची बुलेट असे. मद्रासला १९५५ पासून तयार होऊ लागलेली ही गाडी तेव्हाही रुबाबाचीच होती. म्हैसूरची जावा १९७३ नंतर येझदी या नावाने आली आणि तो कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. कष्टाची गाडी म्हणून नाव झाले ते एस्कॉर्ट्सच्या राजदूतचे. पोलंडच्या एसएचएल गाडीवर बेतलेली ही १७५ सीसीची टू-स्ट्रोक दिसायला ओबडधोबड होती, पण दुधाच्या कॅन दोन्ही बाजूंना लटकवून कितीही खडबडीत रस्त्याने नेता येई.

खरा बदल १९८५ मध्ये हिरो होंडाच्या सीडी १०० ने केला. ‘फिल इट, शट इट, फरगेट इट’ ही तिची जाहिरात होती आणि ती खरी ठरली. टू-स्ट्रोक गाड्यांच्या तुलनेत तिचे फोर-स्ट्रोक इंजिन पेट्रोल फार कमी पीत असे. १९९४ मध्ये आलेल्या स्प्लेंडरने तोच गुण पुढे नेला. हिरो आणि होंडा वेगळे झाल्यावर २०११ मध्ये कंपनीचे नाव हिरो मोटोकॉर्प झाले, तरी खेड्यात आजही लोक ‘हिरो होंडा’च म्हणतात.

बजाजचे विदर्भाशी नाते जुने आहे. जमनालाल बजाज वर्ध्याचे. ज्यांच्या घरात ते दत्तक गेले त्या बछराज बजाज यांच्या नावाने १९४५ मध्ये बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन सुरू झाली आणि तिचीच पुढे बजाज ऑटो झाली. कारखाने मात्र आकुर्डी, वाळूज, चाकण असे पश्चिमेकडे उभे राहिले.

पांदण रस्त्यावरची परीक्षा

पश्चिम विदर्भातली काळी कापसाची माती पाणी लागले की फुगते आणि चिकटते. पावसाळ्यात पांदण रस्त्याने, म्हणजे वावरात जाणाऱ्या कच्च्या वाटेने, गाडी घातली की शंभर-दीडशे पावलांत पुढच्या टायरच्या आणि मडगार्डच्या मधल्या फटीत चिखल ठासून बसतो. मग चाक फिरत नाही, नुसते घसरत जाते. माणूस उतरतो, धुऱ्यावरची (बांधावरची) तुराटी मोडून घेतो, चिखल खरवडून काढतो, थोडे पुढे जातो आणि पुन्हा उतरतो. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये कितीतरी गाड्यांचे पुढचे मडगार्ड काढून ठेवलेले किंवा वर उचलून बांधलेले दिसते. इथे हलकी गाडी कामाची. स्प्लेंडरचे वजन ११२ किलोच्या आसपास आहे, ती फसली तर एकटा माणूस बाहेर ओढू शकतो. बुलेटच्याच कंपनीच्या क्लासिक ३५० चे वजन १९५ किलो. ती फसली की शेजारच्या वावरातून दोघांना हाक मारावी लागते.

ओझ्याचेही तसेच. डीएपी खताची ५० किलोची बॅग टाकीला टेकवून पुढे, मागे घरधनीण, तिच्या मांडीवर लेकरू. फवारणीच्या दिवसांत पाठीवर पंप आणि हँडलला औषधाच्या बाटल्यांची पिशवी. परतताना चाऱ्याचा भारा. ९७.२ सीसीचे आणि सुमारे ८ अश्वशक्तीचे इंजिन हे सगळे वर्षानुवर्षे ओढते. त्यात मोठे तंत्र नाही. गिअरचे गुणोत्तर असे ठेवलेले आहे की कमी वेगातही इंजिन गुदमरत नाही, आणि झिजणारे भाग स्वस्त आहेत. चेन सेट, क्लच प्लेट, केबल तालुक्याच्या कोणत्याही दुकानात मिळतात.

जाहिरातीत कधीच न येणारी एक परीक्षा रात्रीची असते. शेतीपंपाची वीज पाळीपाळीने मिळते आणि अनेकदा रात्रीची पाळी येते. गहू-हरभऱ्याच्या हंगामात कास्तकार रात्री अकरा-बाराला ओलिताला निघतो. जुन्या गाड्यांचा हेडलाइट इंजिनाच्या वेगावर चाले. खड्ड्यात गाडी हळू केली की उजेडही मंद होई, म्हणजे नेमका हवा तेव्हा नसे. रोही (नीलगायी) आणि रानडुकरे आडवी येतात त्या रस्त्यावर बॅटरीवर चालणारा पक्का उजेड ही चैन नव्हे. नवी गाडी घेताना वयस्क शेतकरी हेडलाइटचा उजेड पारखून पाहतो ते यासाठी.

रुबाब

बुलेटचा आवाज म्हणजे ‘फायरिंग’. जुन्या बुलेटच्या बोअर (सिलिंडरचा व्यास) ७० आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ९० मिलिमीटर अशा लांब स्ट्रोकच्या इंजिनात जड फ्लायव्हीलमुळे पिस्टन सावकाश चालूनही इंजिन बंद पडत नाही. त्यातूनच तो सुटा सुटा ठोका ऐकू येतो. २००९ मध्ये क्लासिक ३५० आली आणि बुलेट पुढाऱ्यांच्या, पोलिसांच्या दारातून तरुणांपर्यंत पोहोचली. नवरदेवाची वरात, सरपंचाची मिरवणूक, शिवजयंतीची आणि १४ एप्रिलची रॅली या सगळ्यांत गाड्या पहिल्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीने जातात. तिथे वेगाला काही किंमत नसते. गाडीची उंची, टाकीची चमक आणि ठोका मोजला जातो, आणि या बाबतीत बुलेटला तोड नाही. तिला नुसती दिखाऊ म्हणणे अन्यायाचे होईल. कमी वेगात मिळणारा जोर ही तिची खरी तांत्रिक ताकद आहे, फक्त पांदण रस्त्यावर तिचे वजन त्या ताकदीला खाऊन टाकते.

दुसरा रुबाब वेगाचा. नोव्हेंबर २००१ मध्ये बजाजची पल्सर आली, ‘डेफिनेटली मेल’ अशी जाहिरात घेऊन. दीडशे आणि एकशेऐंशी सीसीच्या या गाडीने तालुक्याच्या कॉलेजात जाणाऱ्या पोरांना वडिलांच्या गाडीपेक्षा वेगळे काहीतरी दिले. २०१२ पासून केटीएम ड्यूकने हा आकडा आणखी वर नेला. पण तो वापरायचा कुठे? गावचा रस्ता उखडलेला, राज्यमार्गावर ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि गुरे. नागपूरहून निघून वर्धा, अमरावती, वाशीम, बुलढाणा असा जाणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग विदर्भातला सगळ्यात गुळगुळीत रस्ता, आणि त्यावर दुचाकीला प्रवेशच नाही. पावसाळ्यात परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढणारे तरुण त्या इंजिनाचा थोडाफार उपयोग करतात. एरवी ड्यूकची ताकद स्टॅंडवर उभ्या गाडीच्या गोष्टीतच राहते.

रुबाब आणि काम दोन्ही ज्या गाडीत भेटले ती यामाहा आरएक्स १००. १९८५ ते १९९६ एवढ्याच काळात बनलेली. ९८ सीसी, सुमारे ११ अश्वशक्ती, वजन शंभर किलोच्या घरात. फोर-स्ट्रोकमध्ये दर दोन फेऱ्यांना एकदा, तर टू-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक फेऱ्याला स्फोट होतो, त्यामुळे तेवढ्याच सीसीत ती सीडी १०० च्या दीडपट जोर देई आणि हलकीही होती. धूर आणि पेट्रोल यांचा हिशेब वाईटच होता. तरीही ज्या घरात ती सुस्थितीत आहे ते घर आजही ती विकत नाही. ज्यांचा जन्म तिचे उत्पादन बंद झाल्यावर झाला ती पोरेही तिचा आवाज लांबून ओळखतात.

नंबर प्लेट हा या रुबाबाचा स्वस्त भाग. ४१४१ चे ‘दादा’, २१४ चे ‘राम’ असे आकडे अक्षरांसारखे रंगवतात. हे नियमाबाहेर आहे, आणि २०१९ पासून नव्या गाड्यांना सक्तीच्या झालेल्या सुरक्षा पाट्यांमुळे ते कमी होत आहे. सायलेन्सर बदलणे अधिक गंभीर. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ असा फेरफार करू देत नाही आणि १७५ सीसीपेक्षा मोठ्या गाडीला ८० डेसिबलची मर्यादा आहे. जप्त केलेले सायलेन्सर पोलीस रोलरखाली चिरडतात. गावात दम्याचे म्हातारे, तान्ही लेकरे झोपलेली असताना फटाके फोडत जाणाऱ्या गाडीला शौक म्हणता येत नाही.

हंगाम, लग्न आणि हप्ता

गाडीची खरेदी दसरा-दिवाळीला होते, कारण तेव्हा सोयाबीन निघते आणि कापसाची पहिली वेचणी घरात येते. भाव पडला की शोरूम रिकामे. बुलेटच्या पैशात जवळपास दोन स्प्लेंडर येतात, तरी हप्त्यावर बुलेट घेणारे आहेत, आणि त्याचे एक कारण लग्न आहे. पाहुणे येतात तेव्हा दारात काय उभे आहे ते पाहतात. मुलीच्या बापाकडून गाडी मागण्याची रीत कायद्याने गुन्हा असूनही संपलेली नाही, आणि मागणीत मॉडेलचे नावही असते. ही या संस्कृतीची सगळ्यात लाजिरवाणी बाजू आहे.

आशा सेविका, शिक्षिका, बचत गटाच्या बाया यांनी स्कूटी आणि ॲक्टिव्हा गावात आणल्या. त्यांच्या गाड्यांवर पानठेल्यावर चर्चा होत नाही, पण रोजची धाव त्यांचीही मोठी आहे.

मिस्त्री आणि ब्रेक

१ एप्रिल २०२० ला गाडीच्या धुरावरचे बीएस ६ नियम आले आणि शंभर सीसीच्या बहुतेक गाड्यांतही कार्बोरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन बसले. धूर कमी झाला, थंडीत गाडी लवकर सुरू होऊ लागली. पण गावचा मिस्त्री कार्बोरेटर उघडून, जेट फुंकून गाडी दहा मिनिटांत चालू करायचा, तिथे आता सेन्सर तपासायला तालुक्याचे गॅरेज गाठावे लागते. म्हणून जुन्या बाजारात ‘कार्बोरेटरची आहे’ हे वाक्य किंमत वाढवते.

ब्रेकबद्दल मात्र फार कमी जण विचारतात. २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या गाड्यांना एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचे आहे. त्याखालच्या गाड्यांना सीबीएस पुरते, म्हणजे मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो, पण घसरणारे चाक ओळखून सोडण्याची सोय त्यात नाही. परिणामी जी गाडी तिघांना आणि खताच्या बॅगेला घेऊन ओल्या डांबरावर उतरते तिला बहुधा ड्रम ब्रेक असतात, आणि जिच्यावर एकटा तरुण बसतो तिला डिस्क आणि एबीएस. रुबाबाची म्हणून हिणवलेली गाडी या एका बाबतीत कामाच्या गाडीपेक्षा खरोखर सरस आहे. हेल्मेट तर दोन्हीकडे टाकीवर किंवा आरशाला अडकवलेले दिसते, आणि ते डोक्यावर चढते ते पुढच्या चौकात पोलीस दिसल्यावर.