ब्रेसाँचा ‘सिनेमॅटोग्राफ’ आणि भाषांतराने घातलेला घोळ

फ्रेंच दिग्दर्शक रोबेर ब्रेसाँचे पूर्ण लांबीचे चित्रपट तेराच, १९४३ ते १९८३ या काळातले. त्याआधी तो चित्रकार होता, युद्धात जर्मनांचा कैदीही होता. सुरुवातीच्या दोन चित्रपटांत नावाजलेल्या नटनट्या आहेत. पुढे त्या गळत गेल्या.

खरा गुंता आहे तो शब्दाचा. १९७५ साली त्याची टिपणवही फ्रेंचमध्ये पुस्तकरूपाने आली. तीत ‘सिनेमा’ म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेलं नाटक, आणि ‘सिनेमॅटोग्राफ’ म्हणजे हलत्या चित्रांनी व आवाजांनी केलेलं लेखन, अशी फाळणी आहे. हा शब्द ल्युमिएर बंधूंच्या १८९५च्या, हलती चित्रं टिपून दाखवणाऱ्या यंत्राचा. ब्रेसाँने तो मुद्दाम परत आणला. पहिल्या इंग्रजी भाषांतरात मात्र त्याचं ‘सिनेमॅटोग्राफी’ (म्हणजे छायाचित्रण) झालं, आणि पुस्तक कॅमेरामनसाठीचं वाटू लागलं. २०१६च्या आवृत्तीत शीर्षक सुधारलं, पण जुनं नाव अजून तोंडी आहेच.

नटाऐवजी तो वापरायचा त्या ‘मॉडेल’ या शब्दाचंही तेच. इथे रॅम्पवरची नव्हे, चित्रकारासमोर बसणारी मॉडेल डोळ्यांसमोर आणावी. वाक्यातला भाव झिजून जाईपर्यंत टेकवर टेक घ्यायचे, लेन्स शक्यतो ५० मिलिमीटरचीच, म्हणजे साध्या नजरेच्या जवळची, आणि आवाजाने भागत असेल तर चित्र काढून टाकायचं. ‘लार्जां’मध्ये (१९८३) म्हातारा बाप कॉफीचा वाडगा घेऊन चाललेल्या मुलीच्या थोबाडीत मारतो. आपल्याला दिसतात तिचे हात आणि हिंदकळून सांडणारी कॉफी. चपराक फक्त ऐकू येते. चेहऱ्यावर भाव शोधणाऱ्याला हे सगळं लाकडी वाटतं, आणि मग तो आवाजाकडे कान देत नाही. नक्कल करणारेही इथेच फसतात: सपाट बोलणं उचलतात, आवाजाची बांधणी राहून जाते. कान चित्रपट महोत्सवात या चित्रपटाला दिग्दर्शनाचा पुरस्कार विभागून मिळाला, तेव्हा सभागृहात टाळ्यांबरोबर हुर्योही झाली.

आपल्याकडे हा धागा पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकून निघालेल्या एका दिग्दर्शकाच्या ‘उसकी रोटी’त (१९६९) दिसतो. सपाट उच्चार, हातांचे शॉट हे ब्रेसाँचं. पण लेन्स दोन, २८ (रुंद दृश्याची) आणि १३५ (दूरचं जवळ आणणारी) मिलिमीटरच्या. गुरूची ५० मधोमध वगळलेली.