सरकारी दवाखान्यात अंतरा इंजेक्शन: कोणाला चालतं, कागद काय, आणि सिस्टरला काय विचारायचं

अंतरा म्हणजे दिवस राहू नयेत म्हणून घ्यायचं इंजेक्शन. त्यासाठी फॉर्म वगैरे काही भरायचा नसतो, केसपेपर काढायचा की झालं. आधार आणि बाळ लहान असेल तर माता-बाल कार्ड जवळ ठेवा, बाळंतपणाची तारीख लागते. नवऱ्याची सही लागत नाही, तुमची संमती पुरते. इंजेक्शन फुकट आहे.

२०१७ पासून हे सरकारी कार्यक्रमात आलं, सोबत छाया या गर्भनिरोधक गोळ्याही. अंतरा दर तीन महिन्यांनी. पाळीच्या पहिल्या सात दिवसांत घेतलं तर सोपं, अंगावर पाजत असाल तर बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी, गर्भपात झाला असेल तर लगेच किंवा सात दिवसांत. पहिल्या डोसआधी डॉक्टरांनी तपासायचं असतं, बीपी बघायचंच. बीपी १६०/१०० किंवा वर, स्तनाचा कॅन्सर, लिव्हरचा मोठा आजार, पूर्वी लकवा किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल तर हे देत नाहीत, तेव्हा काही लपवू नका.

आता खरं महत्त्वाचं. माझ्या जावेला एका केंद्रात सुई टोचली आणि घरी पाठवलं, पाळी अनियमित होईल, कधी बंदच होईल हे कोणी बोललंच नाही, मग दोन महिने पाळी नाही म्हणून ती इतकी घाबरली की दुसऱ्या डोसला गेलीच नाही. पाळी थांबणं हा औषधाचाच परिणाम आहे, घाण रक्त आत साठत नाही बायांनो. बंद केल्यावर दिवस राहायला शेवटच्या इंजेक्शनपासून साधारण सात ते दहा महिने लागू शकतात, हेही आधीच सांगायला हवं.

म्हणून केंद्र नीट काम करतंय का हे बघायचं असेल तर पहिला डोस किती जणींना दिला यापेक्षा दुसऱ्या-तिसऱ्याला किती परत आल्या ते बघावं असं मला वाटतं. आणि तांबी, निरोध, गोळ्या सगळं समजावून मग तुम्हाला निवडू दिलं का तेही.

निघताना पुढच्या तारखेचं कार्ड मागून घ्या. टोचलेली जागा चोळायची नाही, शेकायची नाही. तारीख चुकली तरी चार आठवड्यांपर्यंत डोस मिळतो, दोन आठवडे आधीही चालतो, त्यामुळे माहेरी जाणार असाल तर आशाताईला आधीच सांगून ठेवा.