चॅलेंजर: स्फोट, थंडी आणि आदल्या रात्रीची बैठक

२८ जानेवारी १९८६ला अमेरिकेचं चॅलेंजर हे अंतराळयान (स्पेस शटल) उड्डाणानंतर ७३व्या सेकंदाला ‘फुटलं’ आणि आतले सातही जण क्षणात गेले, असं आजही सर्रास लिहिलं जातं. दोन्ही विधानं तपासात टिकली नाहीत. उजव्या बूस्टरच्या, म्हणजे यानाला वर ढकलणाऱ्या रॉकेटच्या, जोडातून निघालेल्या ज्वाळेनं बाहेरच्या इंधनटाकीला भोक पाडलं, बूस्टरचा खालचा आधार निखळला आणि टाकी फाटून इंधन पेटलं. पडद्यावर दिसतो तो ढग याचा. यान मोडलं ते हवेच्या माऱ्यानं, कारण ध्वनीच्या जवळजवळ दुप्पट वेगात ते तिरकं झालं. बूस्टर तसेच पुढे उडत राहिले. ११०व्या सेकंदाला जमिनीवरून आज्ञा देऊन ते नष्ट करावे लागले. कॅबिन बरीचशी अखंड सुटली, १४ किलोमीटर उंचीवरून आणखी वर, २० किलोमीटर उंचीपर्यंत चढली आणि पावणेतीन मिनिटांनी समुद्रावर आदळली. सापडलेल्या चार आपत्कालीन श्वसनसंचांपैकी तीन चालू केलेले होते. त्यातल्या वैमानिकाच्या संचाचा खटका त्याच्याच खुर्चीच्या पाठीमागे होता, म्हणजे तो मागच्या कुणीतरी दाबला असणार.

दुसरा गैरसमज थंडीचा. थंडीनं घात केला हे खरं, पण जोड मुळातच अधू होता. बूस्टरच्या सुमारे ३.७ मीटर व्यासाच्या नळकांड्याचे तुकडे जोडताना फटीत दोन ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, बसवत; प्रत्येकीची जाडी जेमतेम ७ मिलिमीटर. प्रज्वलनानंतर दाबानं जोड घट्ट होईल, असं गृहीत होतं. प्रत्यक्षात नळकांडं फुगायचं आणि फट उघडायची. अर्ध्या सेकंदाच्या आत रिंगनं पसरून ती बुजवली, तरच वायू आत राहायचा. १९८१मध्ये, शटलच्या दुसऱ्याच उड्डाणात, रिंग झिजलेली सापडली. डिसेंबर १९८२मध्ये दुसरी रिंग हा भरवशाचा आधार नाही, हे कागदोपत्री मान्य झालं. उड्डाणं मात्र चालूच राहिली.

२७ जानेवारी १९८६च्या रात्री बूस्टर बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी नासाला फोनवरून सांगितलं की १२ अंश सेल्सियसच्या खाली उडवू नका. प्रयोगशाळेतली चाचणी त्यांच्याकडे होती: २४ अंशांना दाबलेली रिंग पृष्ठभागापासून सुटली ती २.४ सेकंद, १० अंशांना दहा मिनिटांतही परत टेकली नाही. पण त्यांनी जोडलेले तक्ते अपुरे होते. बिघाड झालेल्या उड्डाणांचंच तापमान मांडलं होतं आणि त्यात २४ अंशांचंही एक उड्डाण असल्यानं थंडीचा संबंध पुसट दिसला. बिघाड न झालेली उड्डाणंही धरली असती, तर चित्र लख्ख होतं: १८ अंशांच्या आसपास रेघ ओढली, तर वरच्या २० उड्डाणांपैकी तिघांत त्रास, खालच्या चारही उड्डाणांत त्रास. अभियंते कमी पडले, असं यावरून म्हणतात. हे अर्धसत्य आहे. एरवी उड्डाण सुरक्षित आहे हे सिद्ध करावं लागे. त्या रात्री ते असुरक्षित आहे हे सिद्ध करायला सांगितलं गेलं. पाच मिनिटांची मागितलेली खासगी चर्चा अर्धा तास चालली, अभियंत्यांना बाजूला ठेवून कंपनीच्या चार व्यवस्थापकांनी कौल फिरवला आणि उड्डाणाला होकार देणारा सही केलेला कागद फॅक्सनं गेला. राष्ट्राध्यक्षांच्या उड्डाणाच्या दिवशी संध्याकाळी ठरलेल्या भाषणासाठी वरून दबाव आला, ही कथा मात्र चौकशी आयोगाला पुराव्यानिशी सापडली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ११.३८ला, उड्डाणाच्या वेळी, हवा २ अंशांवर होती. प्रज्वलनानंतर ०.७ सेकंदात जोडाशी काळ्या धुराचा पहिला लोट उठला. पुढे बहुधा जळक्या अवशेषांनी फट तात्पुरती बुजली, मग वाऱ्याच्या तडाख्यांनी ती पुन्हा उघडली आणि ५९व्या सेकंदाला ज्वाळा दिसली.

सप्टेंबर १९८८मध्ये उड्डाणं पुन्हा सुरू झाली तेव्हा जोडात तिसरी रिंग, धातूची कडा आणि तापमान राखणारे हीटर होते. टाकीच्या फोमचे तुकडे मात्र पहिल्या उड्डाणापासून पडत आले होते आणि तेही अंगवळणी पडलं होतं. १६ जानेवारी २००३ला तसाच एक तुकडा कोलंबिया या दुसऱ्या शटलच्या डाव्या पंखावर आदळला.